हौसाक्काचा न दळलेला डबा

१५ जून.

सकाळपासून गिरणीच्या दगडाला टाकी लावते आहे. वरचा दगड ह्यांनी साखळीनं उचलून उलटा करून दिला आणि ते नेकनूरला बाजाराला गेले. दगड गुळगुळीत झाला की पीठ पडत नाही, नुसती भरड पडते. मग हातोडी आणि टाकी घेऊन एकेक खाच पुन्हा पाडावी लागते. हे काम कालच करायचं होतं, पण काल तुला न्यायचं होतं.

समोरच्या कट्ट्यावर तुझा डबा आहे. तेलाचा पत्र्याचा डबा, कडीला लाल चिंधी. आत ज्वारी. निकालाच्या आदल्या दिवशी तू तो आणून ठेवलास आणि म्हणालीस, "सावकाश दळ, घाई न्हाई." बारा दिवस झाले, आक्का. दळलेला नाही.

तुझा जन्म कुठला, किती वर्षं ऊसतोडीला गेलीस, किती नातवंडं मागं ठेवलीस, हे दहाव्याला कुणीतरी उभं राहून सांगेल. मी त्यात पडत नाही. मला डब्याबद्दल बोलायचं आहे. ते बोलायचं तर टोपल्यापासून सुरुवात करावी लागेल.

मी लग्न होऊन या गावात आले त्या वर्षी लोकसभेची निवडणूक होती. निकालाच्या संध्याकाळी तू डोक्यावर टोपलं घेऊन आमच्या दारावरून चाललेली दिसलीस. वर पांढरं फडकं, हातात पिठल्याचं पातेलं. मला वाटलं, कुणीतरी गेलं असणार. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारच्यांनी भाकरी-पिठलं न्यायचं, कडू घास द्यायचा, ही रीत माझ्या माहेरीही आहे. मी सासूबाईंना विचारलं, "कोण वारलं?"

सासूबाई हसायला लागल्या. "वारलं न्हाई कुणी. गुरुजींचा उमेदवार पडला. हौसा तिकडं कडू घास घेऊन चालली."

मला ते इतकं विचित्र वाटलं की मी पदर सावरत तुझ्यामागं गुरुजींच्या ओट्यापर्यंत आले. जिवंत माणसाच्या दारात कुणी सुतकाची भाकरी नेतं का? अपशकुनच की. पण गुरुजी दारातच बसलेले. तुला बघून म्हणाले, "आलीस का हौसा? वाटच बघत होतो. सकाळपासून पोटात काही न्हाई." आणि हात धुवायला उठले.

तू बाजूला बसून त्यांना वाढलंस. निवडणुकीबद्दल चकार शब्द काढला नाहीस. म्हशीच्या पारड्याचं काय झालं ते विचारलंस. गुरुजींनी दोन भाकरी खाल्ल्या, पाणी प्याले आणि म्हणाले, "हं. आता उद्या शाळेत जाता येईल."

परत येताना मी विचारलं होतं, "आक्का, हे कावून करता? मेलंय का कुणी?"

तू चालता चालता म्हणालीस, "मेलेल्याला कुठं भूक लागती गं? भूक मागं राहिलेल्याला लागती."

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. गावात बऱ्याच जणांना ती तुझी एक खोड वाटायची. पण प्रत्येक निकालाला, ज्या कुणाची बाजू पडेल त्याच्या दारात तू जायचीसच. कोणती बाजू, हा प्रश्नच नव्हता. गावातली पुढारी माणसं एकमेकांना टोमणे मारायची, "यंदा हौसाक्काचं टोपलं तुझ्याच दारात बघ!" हरणं म्हणजे हौसाक्काचं टोपलं येणं, अशी बोलायची पद्धतच पडली आमच्याकडं.

हे तुला कुठून सुचलं, ते एकदा गिरणीत पोत्यावर बसून तूच सांगितलंस. तुझे मालक तरुणपणी एका पक्षाचा झेंडा घेऊन रानोमाळ फिरायचे. एकदा त्यांचा माणूस पडला. रेडिओवर निकाल ऐकला आणि भिंतीकडं तोंड करून झोपले ते दोन दिवस उठलेच नाहीत. तू म्हणालीस, "मी रडले, भांडले, पाणी वतलं अंगावर. न्हाईच उठले." शेजारी फातिमाबी राहायच्या, गाड्यावर केळी-पेरू विकायच्या. त्यांनी खिचडी आणि चिंचेचा खट्टा आणून ठेवला आणि म्हणाल्या, "मय्यत के घर में चूल्हा नै जलता ना? इनका भी आज वैसाच है. उठो भाईजान, खाओ." तुझे मालक उठले आणि दोघांचं एकट्यानं जेवले. "तवा कळलं," तू म्हणालीस, "आमी त्यांची समजूत काढत हुतो. त्यांना समजूत नको हुती. जेवण पायजे हुतं."

मी तेव्हा तुझ्याशी वाद घातला होता. तो वाद आपण पंचवीस वर्षं घातला आणि काल तो माझ्या एकटीवर येऊन पडला. माझं म्हणणं असं की हरणं म्हणजे काही भूक लागणं नाही. ज्यासाठी माणूस दोन-दोन महिने घरदार सोडून फिरतो, जे पटतं म्हणून लोकांच्या पाया पडतो, ते गेलं तर त्यावर पिठलं हा उपाय नव्हे. तू म्हणायचीस, "उपाय कोण म्हणतंय? पाच वरीस काढायचेत. उपाशी कसं काढतीस?" मी म्हणायचे, "आक्का, तुला काही पटतच नाही, म्हणून तुला सगळे सारखे." त्यावर तू एकदाच रागावलीस. पोत्यावरून उठलीस आणि म्हणालीस, "मला काय पटतं ते मला ठावं हाय. मी सांगत न्हाई, म्हंजे पटत न्हाई असं न्हाई."

खरंच, तू कुणाला मत दिलंस ते या गावात कुणालाच माहीत नाही. हे लिहिताना हातोडी खाली ठेवली. आमच्याकडं कुणाच्या म्हशीनं किती दूध दिलं, कुणाच्या सुनेचं माहेरी काय बिनसलं, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. कोण कुणाला मत देणार हे तर मतदानाआधीच यादीवर खुणा करून ठेवलेलं असतं. मी स्वतः अशा खुणा केल्यात. प्रत्येक नावापुढं बरोबर, चूक किंवा प्रश्नचिन्ह. तुझ्या नावापुढं दर वेळी प्रश्नचिन्ह. तुझ्या मालकांनाही माहीत नव्हतं. दत्ताला, तुझ्या पोटच्या पोराला, माहीत नव्हतं.

दोन्ही बाजूंची माणसं तुझ्याकडं यायची. तू दोघांना चहा द्यायचीस, दोघांच्या बायकांना हळदीकुंकू लावायचीस. दत्ता चिडायचा. "आये, तू आपल्याच बाजूची हायस ना?"

"मी तुझी आय हाय. एवढं बास झालं."

यंदा मतदानाच्या दिवशी मी आमच्या बाजूची एजंट म्हणून केंद्रात बसले होते. दुपारी ऊन असं झालं की टेबलाला हात लावता येईना. तू मात्र सकाळची पहिली आलीस. न्हाऊन, धुतलेलं हिरवं लुगडं नेसून, कपाळावर बुक्का लावून. दारात चप्पल काढलीस. पोलीस म्हणाला, "आजी, चप्पल असू द्या." तू म्हणालीस, "असू दे कसं? आत कशाला आले मी?" बोटाला शाई लावून घेतलीस, पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेलीस. किती वेळ उभी होतीस! यंत्राचा आवाज आला तरी थोडी थांबलीस आणि मग हात जोडून बाहेर आलीस. मी खालच्या आवाजात विचारलं, "कुणाला दिलं, आक्का?"

"मशिनीला."

केंद्रातले सगळे हसले. पूर्वी शिक्के मारायचे तेव्हा तू म्हणायचीस, "पेटीला." मीही हसले. आज वाटतं, हसायला नको होतं. त्या आडोशामागं जी बाई उभी होती तिला आमच्यापैकी कुणीही कधी पाहिलेलं नाही.

पण यंदाची निवडणूक पहिल्यासारखी नव्हती. गल्ल्याच वाटल्या गेल्या. बारवेची गल्ली एका बाजूला, आमची मारुतीची दुसऱ्या बाजूला. कशावरून, ते इथं लिहीत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला ते सांगायला नको. एवढंच सांगते की मतदान झालं त्या आठवड्यापासून बारवेच्या गल्लीतले डबे माझ्या गिरणीवर यायचे थांबले. लोक डोक्यावर ज्वारी घेऊन माझ्या दारावरून जायचे आणि सडकेच्या गिरणीत दळून आणायचे. ज्या बायकांच्या बाळंतपणात मी रात्र काढली, त्या मान खाली घालून जायच्या. मीही कमी नव्हते. मी जाणाऱ्या डब्याकडं बघून मोठ्यानं म्हणायचे, "तिकडं खडा येतो पिठात, संभाळून!"

त्या गल्लीतून फक्त एक डबा यायचा. लाल चिंधीचा.

निकालाच्या दिवशी सकाळी आठला टीव्ही लावला. आमचा माणूस पुढं, मग मागं, मग पुढं. दुपारी मी टीव्ही बंद केला. इथं पडलो होतो आणि देशातही म्हणावं तसं झालं नव्हतं. ज्या गोष्टी मी दारोदार सांगत फिरले, त्यातली एकही आता होणार नव्हती. मला रडू आलं नाही. मी रॉकेल घेऊन मोटारीचा पंखा, पुली, सगळं पुसत बसले. पुसलेलं पुन्हा पुसलं. हे काहीतरी बोलायला आले तर त्यांना म्हटलं, "गप बसा."

मग बारवेच्या गल्लीतून डीजे निघाला. दत्ता जीपच्या टपावर. गुलालाचं पोतंच्या पोतं फोडलेलं. हवा लाल झाली होती, घरांच्या भिंती, विजेचे खांब, कुत्रीसुद्धा. मी गिरणीच्या दारात उभी होते. आणि त्या लाल धुरळ्यातून तू येताना दिसलीस. डोक्यावर टोपलं, हातात पातेलं, कुणाकडंही न बघता सरळ. नाचणारी पोरं थांबली. एकानं डीजेवाल्याला हात केला आणि आवाज बंद झाला. दत्ता टपावरून ओरडला, "आये, कुठं चालली?" तू वरही पाहिलं नाहीस. पोरं दोन्ही बाजूंना सरली आणि तू मधून आलीस.

आक्का, असं दृश्य मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. एक म्हातारी आणि पिठल्याचं पातेलं, आणि तिच्यापुढं जिंकलेलं गाव गप्प. त्या क्षणी मला ते दिसलं नाही. मला दिसलं ते फक्त टोपल्यावरचं फडकं. ते गुलालानं लाल झालं होतं.

आता यामागचं एक तुला आठवत असेल. मागं एकदा आमची बाजू जिंकली होती, तेव्हा तू मला पातेलं धरायला बरोबर बोलावलंस. मी नाचून आलेली, गुलालात माखलेली. तू मला दारातच थांबवलंस. "तोंड धुवून ये आधी. गुलाल घेऊन कुणाच्या सुतकात जात्यात व्हय? त्यापरीस न गेलेलं बरं." मी तोंड धुतलं, लुगडं बदललं, मग आपण गेलो. ही तुझीच शिकवण.

म्हणून तू ओट्यापाशी येऊन "मंगल, ताट घे" म्हणालीस, तेव्हा मी जे बोलले ते माझ्या मनात आधीच तयार होतं.

"गुलाल टाकून आणलीस भाकर? पोराचा विजय दाखवायला आलीस?"

तुला आधी कळलंच नाही. मग टोपलं खाली घेतलंस, फडक्याकडं पाहिलंस. "अगं वाटंत पडला. वरचं फडकं काढ, खाली भाकर तीच हाय."

"घरी ने. आमच्यात कुणी मेलेलं नाही."

लोक बघत होते. त्या गल्लीतलेही, ह्या गल्लीतलेही. तू टोपलं परत डोक्यावर ठेवलंस, चुंबळ नीट केलीस आणि म्हणालीस, "बरं. उद्या येते."

पन्नास वर्षांत तुझं टोपलं परत गेल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. ते मी केलं.

दुसऱ्या दिवशी तू खरंच आलीस. मी मागं म्हशीला पाणी पाजत होते. तू टोपलं ह्यांच्या हातात दिलंस. ह्यांनी कांदा फोडून दोन भाकरी खाल्ल्या आणि मला येऊन सांगितलं, "लई चांगलं झालंय पिठलं, तुलाबी ठेवलंय." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी तुझ्या हातात फक्त लहान पातेलं होतं. वर तेच फडकं, धुतलेलं. गुलाल निघता निघत नाही, गुलाबी राहिलेलं. गिरणी चालू होती. आमच्या गल्लीतला कुणाचातरी गहू होता. तू दारात दिसलीस तशी मी बटण दाबून बंद केली.

तू म्हणालीस, "पीठ सरलं गं. म्हणून आज खिचडी आणली. माझा डबा दळला का?"

मी म्हटलं, "लाईट न्हाई."

पट्टा अजून फिरत होता. तू पट्ट्याकडं पाहत राहिलीस. मीही पाहत राहिले. तो हळूहळू मंद होत होत थांबला. इतका वेळ लागतो त्याला, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पिठाचा धुरळा अजून हवेत होता. तू तोही पाहिलास. मग खिचडीचं पातेलं कट्ट्यावर ठेवलंस, फडकं घडी घालून त्यावर ठेवलंस.

"बरं," तू म्हणालीस, "लाईट आली की दळ."

खिचडी मी म्हशीच्या घमेल्यात ओतली. हे कुणाला सांगितलेलं नाही. इथं लिहून ठेवते.

त्यानंतर आठ दिवस तू रोज गिरणीवरून गेलीस. दुकानात, दवाखान्यात, बोअरवर. रोज मान वळवून आत पाहायचीस, "काय मंगल" म्हणायचीस आणि पुढं जायचीस. डब्याचा शब्द नाही. मी रोज उत्तर तयार ठेवायचे. दगड बसलाय, मोटार तापते, मुद्दाम नाही. तू विचारलंच नाहीस. एकदा जरी विचारलं असतंस तरी मी भांडले असते आणि भांडणात केव्हातरी दळूनही दिला असता. तू मला ती वाटच ठेवली नाहीस. काल पहाटे तू गोठ्याकडं जाता जाता खांबाला टेकून बसलीस ती उठली नाहीस, असं शोभा सांगत होती. शोभा, तुझी सून. ती कोपऱ्यावर येऊन सगळ्यांना सांगत होती. माझ्याकडं बघून नाही, पण मला ऐकू येईल असं.

काल तुला नेलं तेव्हा मी गिरणीच्या दारात उभी होते. पिकलं पान, म्हणून टाळ होते, गुलाल होता. तो गुलाल निकालाच्या पोत्यातला उरलेला होता. दत्ताच्या हातातली पिशवी मी ओळखली. तीच गल्ली, तेच दार, तोच धुरळा. दहा दिवसांपूर्वी तू त्यातून चालत आली होतीस. ह्या वेळी दत्ता रडत होता आणि दोन्ही गल्ल्यांतली माणसं खांदा द्यायला पुढं होत होती. आमच्या बाजूचे चार जण होते. मी मोजले नाहीत, चेहरे ओळखले.

रात्रभर मला एकच गोष्ट सुचत राहिली, आणि ती आजपर्यंत कशी सुचली नाही याचं नवल वाटतं. तू दर निकालाला हरलेल्याच्या दारात गेलीस. पण तू हरलीस तेव्हा तुझ्या दारात कोण आलं? तू कधी हरलीस तेच कुणाला माहीत नव्हतं. कदाचित यंदाही तू हरली असशील. कदाचित जे माझं पडलं तेच तुझंही पडलं असेल आणि तू आपल्या पोराच्या गुलालातून चालत, आपली भूक घरी ठेवून, मला भाकरी घेऊन आलीस. कदाचित नसेलही. मला कधीच कळणार नाही. कुणाचीही दया घ्यावी लागू नये अशी व्यवस्था करून पन्नास वर्षं दुसऱ्याला घास भरवणारी बाई आमच्या गावात राहत होती, ज्वारी दळायला माझ्याकडं यायची, आणि मी तिच्या नावापुढं प्रश्नचिन्ह करून पुढं जायचे. डोंगराच्या पायथ्याला राहणाऱ्या माणसाला डोंगर दिसत नाही, त्याला आपली पायवाट दिसते. तसं झालं.

आपला वाद मी जिंकले असं अजूनही मला वाटतं, आक्का. पिठल्यानं हरणं बरं होत नाही. मला अजून तितकंच लागलेलं आहे आणि पुढच्या वेळी मी पुन्हा यादी घेऊन फिरणार आहे. पण बारा दिवस मी नीट जेवलेली नाही, हेही खरं. ते तुला दिसलं होतं. दुसऱ्या कुणाला दिसलं नाही, मलाही नाही.

दगडाचं काम होत आलं आहे. उद्या तुझा तिसरा दिवस, सकाळी सावडायला जातील. घरी चूल बंद आहे. आमच्या गल्लीतून कोण भाकरी नेणार, यावर दुपारी मारुतीच्या पारावर चर्चा चालली होती. एक जण म्हणाला, "त्यांनी परत पाठवली तर? आपणच परत पाठवली हुती." माझ्याकडं न बघता म्हणाला. बरोबरच म्हणाला. दत्तानं टोपलं माझ्या हातातून घेऊन सगळ्यांसमोर परत दिलं, तर मला बोलायला जागा नाही.

१६ जून.

पहाटे ह्यांना उठवून दगड बसवला. टाकी लावलेल्या दगडाच्या पहिल्या पिठात दगडाची खर येते, म्हणून आधी आमची पाच किलो ज्वारी टाकली आणि ते पीठ म्हशीला ठेवलं. मग तुझा डबा ओतला. बारीक पीठ पडलं, तुला आवडायचं तसं. त्यातलं चार ओंजळी घेतलं, भाकरी थापल्या, पिठलं केलं. तुझं गुलाबी फडकं टोपल्यावर टाकलं. तोंड धुतलं. डोक्यावरच्या टोपल्याला एक हात, दुसऱ्या हातात पातेलं. तुझा डबा पिठासकट ह्यांनी धरला, कारण मला दोनच हात आहेत.

बारवेच्या गल्लीत बायका दारात आल्या.

दत्ता ओट्यावर बसला होता, डोकं भादरलेलं. मी टोपलं खाली ठेवलं. त्याला ते फडकं दिसलं आणि तो उठून उभा राहिला. मला वाटलं, आता परत देतो. मी म्हटलं, "दत्ता, तुझ्या आईच्या डब्याचं पीठ आहे. उशीर झाला."

शोभा आतून आली. डब्याची चिंधी बघितली आणि म्हणाली, "आली का लाईट?"

मी ह्यांच्या हातातून डबा घेऊन तिच्यापुढं ठेवला.

"आत्याबाई रोज सांगायच्या," शोभा म्हणाली, "मंगलच्या गिरणीची लाईट गेली हाय, येईल. ह्यांनी चार डाव म्हटलं, डबा आणतो, सडकंवर दळू. दळू दिला न्हाई. म्हणल्या, तिथंच राहू द्या. आमी आठ दिवस भातावर काढले, काकी."

दत्ता म्हणाला, "गावात सगळीकडं लाईट हुती. मी म्हणलं बी तिला. म्हणली, तुला काय कळतं लाईटीतलं."

तो हसला आणि मग त्याला बसावं लागलं. मी भाकरी मोडली, पिठल्याला लावली, पहिला घास त्याच्या तोंडात घातला. दुसरा शोभाच्या. मग शोभानं एक घास मोडला आणि माझ्यासमोर धरला. रीत अशी नाही, आणणाऱ्यानं खायचं नसतं. मी खाल्ला.

परत येऊन गिरणीचं दार उघडलं आणि बटण दाबलं. दुपारपर्यंत बारवेच्या गल्लीतून कुणी आलं नाही. मी बटण बंद केलं नाही.